भारतीय कुटुंबाचा समाजशास्त्रीय अभ्यास

भारतीय कुटुंबाचा समाजशास्त्रीय अभ्यास हे समाजशास्त्र व सामाजिक मानवशास्त्र यांचे समाईक अभ्यासक्षेत्र आहे. कुटुंबाची घडण, विवाह, आप्तसंबंध, पती-पत्नींमधील व पिढ्यांमधील व्यवहार, मालमत्तेची वाटणी आणि मुलांची वाढ हे त्याचे प्रमुख विषय होत. लोकसंख्याशास्त्र, मानसशास्त्र, इतिहास आणि कायदा यांच्याशी त्याचा निकटचा संबंध येतो. भारतात या अभ्यासाचा मोठा काळ एकाच प्रश्नाभोवती फिरला : एकत्र कुटुंब मोडत आहे काय? उत्तर शोधताना अभ्यासकांना आधी नेमके काय मोजायचे हे ठरवावे लागले, आणि व्याख्या बदलली की उत्तरही बदलते, हे त्यांच्या लक्षात आले. कायदे, जनगणना व कल्याणकारी योजना कुटुंबाच्या कोणत्या ना कोणत्या व्याख्येवर उभ्या असल्यामुळे हा वाद केवळ शब्दांचा राहिलेला नाही.

संज्ञा

मराठीत ‘कुटुंब’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. जुन्या पिढीतील पुरुष ‘आमचे कुटुंब’ म्हणत, तेव्हा त्यांना पत्नी अभिप्रेत असे. जनगणनेच्या दृष्टीने एकत्र राहून एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसे म्हणजे कुटुंब. आयकर खात्याच्या लेखी ‘हिंदू अविभक्त कुटुंब’ ही एक स्वतंत्र करदाती व्यक्ती असून तिचे सदस्य निरनिराळ्या शहरांत राहत असले तरी चालते. लग्नपत्रिकेतील ‘परिवार’ यापेक्षाही मोठा असतो. त्यात चुलते, आते, मामे असे सारे येतात. एकाच शब्दाचे हे चार अर्थ चार वेगवेगळ्या गोष्टी दाखवतात : दांपत्य, घर, मालमत्ता आणि गोतावळा.

बोलीभाषेने मात्र यांतील फरक नीट सांभाळला आहे. ‘चूल वेगळी झाली’ आणि ‘वाटण्या झाल्या’ या दोन घटना आहेत, हे खेड्यातील कोणालाही सांगावे लागत नाही. चूल वेगळी झाल्यावरही जमीन वर्षानुवर्षे समाईक राहू शकते. वाटण्या झाल्यावरही कुळाचार, सुतक आणि लग्नकार्य एकत्र असते. ‘भाऊबंद’ म्हणजे एका वंशाचे, आणि ‘सोयरे’ म्हणजे लग्नाने जोडलेले. ‘भाऊबंदकी’ हा शब्द मराठीत भांडणाच्याच अर्थाने रूढ झाला, ही गोष्ट एकत्र कुटुंबाच्या आठवणी रंगवून सांगणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

आई, वडील व अविवाहित मुले एवढ्याच घटकाला मराठीत सर्रास ‘विभक्त कुटुंब’ म्हणतात. ही संज्ञा दिशाभूल करणारी आहे. ‘विभक्त’ म्हणताच आधी काहीतरी अखंड होते आणि ते मोडले, असे गृहीत धरले जाते. जे सिद्ध करायचे तेच नावात शिरते. म्हणून ‘बीजकुटुंब’ किंवा ‘केंद्र कुटुंब’ या संज्ञाही वापरल्या जातात. या लेखात ‘केंद्र कुटुंब’ हीच संज्ञा योजली आहे.

आरंभ : कायदा आणि ग्रंथ

भारतीय कुटुंबाविषयीचे आरंभीचे आधुनिक लेखन कायदेपंडितांचे आहे. ‘एन्शंट लॉ’ (१८६१) हा ग्रंथ लिहिणारे हेन्री मेन १८६२ पासून काही वर्षे व्हाइसरॉयच्या मंडळात कायदेविषयक सदस्य होते. पितृसत्ताक एकत्र कुटुंब ही मानवी समाजाची आद्य अवस्था असून भारतात ती अजून जिवंत आहे, अशी त्यांची मांडणी होती. इंग्रजी न्यायालयांपुढे येणारे खटले बहुधा वारसाहक्काचे असत आणि त्यांचा निर्णय धर्मशास्त्रावरील टीकांच्या आधारे होई. कल्याणीच्या चालुक्य दरबारातील विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ बहुतेक प्रांतांत, तर जीमूतवाहनाचा ‘दायभाग’ बंगालमध्ये प्रमाण मानला गेला. मिताक्षरेनुसार मुलाला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क मिळतो. दायभागानुसार तो पित्याच्या मृत्यूनंतर येतो.

यातून एक मोठा गैरसमज रुजला. मालमत्ता असलेल्या, कोर्टाची पायरी चढू शकणाऱ्या घराण्यांचा कायदा म्हणजेच सर्व हिंदूंची राहणी, असे मानले गेले. भूमिहीन मजूर, कारागीर आणि अस्पृश्य गणलेल्या जाती यांच्या घरांत वाटण्यासारखे फारसे नव्हतेच, आणि त्यांचे जीवन या ग्रंथांत दिसत नाही.

मराठीत ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) या पुस्तिकेने कुटुंबातील विषमतेवर थेट बोट ठेवले. तो शास्त्रीय ग्रंथ नव्हे, पण पुढील अभ्यासकांनी त्याकडे वारंवार परत जावे असे त्यात बरेच आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ या लेखनात वैदिक व महाभारतकालीन उल्लेखांवरून स्त्री-पुरुष संबंधांचे प्राचीन प्रकार मांडले. विवाहसंस्था अनादि नसून ती घडत गेली आहे, हा त्यांचा मुद्दा त्या काळी अनेकांना रुचला नाही.

जात आणि विवाह यांचा सांधा स्पष्ट करण्याचे श्रेय डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या ‘कास्ट्स इन इंडिया’ या निबंधाला जाते. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात त्यांनी तो वाचला. जातीचे मूळ लक्षण अंतर्विवाह हे आहे, आणि अंतर्विवाह टिकवायचा तर जातीतील विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या सतत जुळती ठेवावी लागते. पती वारला की विधवा आणि पत्नी वारली की विधुर ‘अतिरिक्त’ ठरतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी हा हिशेब जुळवण्याच्या युक्त्या आहेत, असे त्यांनी दाखवले. घरातील अत्यंत खाजगी वाटणारी दुःखे समाजरचनेतून कशी निर्माण होतात, याचे इतके नेमके विवेचन त्यापूर्वी झालेले नव्हते. कुटुंबाच्या अभ्यासकांनी मात्र पुढे अनेक दशके या निबंधाची पुरेशी दखल घेतली नाही.

मुंबई आणि पुणे

मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. १९२४ पासून त्याची धुरा मालवण येथे जन्मलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये (१८९३–१९८३) यांच्याकडे आली. केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे शिकल्यामुळे वंशावळी घेऊन नात्यांची जाळी मांडण्याची पद्धत त्यांना अवगत होती. त्यांच्या विद्यार्थ्यांनीच पुढे या विषयाचा पाया घातला : म्हैसूरमधील विवाह व कुटुंबावर लिहिणारे एम. एन. श्रीनिवास (१९४२), ‘मॅरेज अँड फॅमिली इन इंडिया’चे (१९५५) लेखक के. एम. कापडिया, आय. पी. देसाई आणि इरावती कर्वे.

इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांनी बर्लिन येथे मानवशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन केले. त्यांचा ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) हा ग्रंथ संपूर्ण देशातील आप्तसंबंधांचा एकत्र विचार करणारा पहिला मोठा प्रयत्न होय. एक छप्पर, एक चूल, समाईक मालमत्ता, समाईक देवपूजा आणि विशिष्ट प्रकारचे रक्ताचे नाते ही त्यांनी एकत्र कुटुंबाची लक्षणे सांगितली. ती आजही पाठ्यपुस्तकांत आढळतात. भाषांचे प्रदेश आणि नात्यांच्या रीती एकमेकांवर ठेवून त्यांनी देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण व पूर्व असे चार विभाग केले.

त्यांच्या मते उत्तर आणि दक्षिण यांतील फरक मुलीच्या लग्नात सर्वांत ठळक दिसतो. उत्तरेत मुलगी परक्या गावात, अनोळखी घरात जाते. लेक आणि सून यांच्या वागणुकीचे नियम अगदी वेगळे असतात. दक्षिणेत मामा, मामेभाऊ किंवा आतेभाऊ यांच्याशी विवाह होत असल्याने सासर पूर्णपणे परके नसते. सासूच आजी किंवा आत्या असते.

महाराष्ट्र या दोहोंच्या सीमेवर पडतो. येथे अनेक जातींत पुरुषाने मामेबहिणीशी लग्न केलेले चालते, आतेबहिणीशी मात्र नाही. मराठा व इतर काही जातींत कुळीबरोबर देवकही पाहिले जाते. देवक एक असेल तर सोयरीक होत नाही. या जुन्या रीतीची खूण भाषेत उरली आहे. सून सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणते. पुरुषाने मामाची मुलगी केली, तर त्या मुलीची सासू तिची खरीखुरी आत्याच असते. मामेबहिणीशी लग्न करण्याची चाल ज्या घरांत कधीच नव्हती, तेथेही हे शब्द सर्रास चालत आले. हिंदू विवाह अधिनियमाने (१९५५) सपिंड विवाहाला मनाई केली असली, तरी रूढी असेल तेथे सूट ठेवली आहे.

कर्वे यांनी महाभारतासारख्या ग्रंथांतील नाती आणि विसाव्या शतकातील क्षेत्रकार्य एकाच मांडणीत गुंफले. त्यामुळे काळाचे भान सुटते, अशी टीका झाली आणि ती निराधार नाही. तरीही खेडोपाडी हिंडून गोळा केलेली नात्यांची नावे आणि त्यांचे परस्परसंबंध ही त्यांच्या ग्रंथाची बाजू आजही भक्कम आहे.

एकत्र कुटुंब मोडते आहे काय?

१९५१ च्या जनगणनेत घरांच्या आकाराचे आकडे आले तेव्हा तीन किंवा त्याहून कमी माणसांची घरे बरीच आढळली. त्यावरून जनगणना अहवालात असा निष्कर्ष निघाला, की एकत्र राहण्याची परंपरा ढिली पडून वेगळे होण्याची सवय बळावली आहे. पाश्चात्त्य समाजशास्त्रातही त्या काळी टॅलकॉट पार्सन्स यांच्या मांडणीचा जोर होता : उद्योगप्रधान समाजाला सुटसुटीत केंद्र कुटुंबच मानवते. डब्ल्यू. जे. गुड यांनी ‘वर्ल्ड रेव्होल्यूशन अँड फॅमिली पॅटर्न्स’ (१९६३) मध्ये सर्व जग याच दिशेने चालले आहे असे म्हटले आणि त्यात भारतही घेतला.

आय. पी. देसाई यांनी या तर्कातील दोष दाखवला. सौराष्ट्रातील महुवा या गावातील ४२३ कुटुंबांची त्यांनी पाहणी केली. तिचा ग्रंथ १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. राहणीच्या दृष्टीने केंद्र कुटुंब असलेली बरीच घरे मालमत्ता, पैशाची देवघेव आणि कार्यप्रसंगीची जबाबदारी या बाबतींत भावांशी किंवा वडिलांशी जोडलेली होती. देसाई यांच्या मते एकत्रपणा छपरात नसून संबंधांत असतो, आणि तो कमी-अधिक प्रमाणात मोजावा लागतो.

ए. एम. शाह यांनी नेमकी उलट शिस्त आणली. घर आणि कुटुंब या दोन संकल्पना एकमेकींत मिसळू नयेत. घरात कोण राहते हे स्वतंत्रपणे नोंदावे आणि घराबाहेरचे संबंध स्वतंत्रपणे, असा त्यांचा आग्रह होता. गुजरातमधील राधवणज या खेड्याच्या अभ्यासावर त्यांचे ‘द हाउसहोल्ड डायमेन्शन ऑफ द फॅमिली इन इंडिया’ (१९७३) हे पुस्तक आधारलेले आहे. घराचे एक चक्र असते, हा मुद्दा त्यांनी पुढे आणला. मुलाचे लग्न झाले की घर एकत्र होते; वडील वारले, भाऊ वेगळे निघाले की त्यातून दोन-तीन केंद्र कुटुंबे होतात; त्यांची मुले वाढून लग्ने झाली की तीच घरे पुन्हा एकत्र होतात. एका दिवशी केलेल्या गणनेत ही अवस्था तेवढी टिपली जाते. आज केंद्र कुटुंब म्हणून मोजलेले घर दहा वर्षांनी एकत्र कुटुंब असू शकते.

काश्मीरमधील पंडितांच्या खेड्याचा अभ्यास करणाऱ्या टी. एन. मदन यांनी (१९६५) घरासाठी तेथील लोकांचाच शब्द वापरला. तो ‘चुला’ असाच आहे, ही गोष्ट मराठी वाचकाला ओळखीची वाटेल.

या वादात आकडेमोडीचा एक साधा मुद्दा पुष्कळदा निसटतो. दहा घरांच्या वस्तीत सहा घरांत प्रत्येकी चार माणसे आणि चार घरांत प्रत्येकी नऊ माणसे आहेत, असे समजू. बहुसंख्य घरे लहान आहेत. पण ६० पैकी ३६ माणसे मोठ्या घरांत राहतात. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ पॉलीन कोलेंडा यांनी भारतातील अनेक क्षेत्राभ्यासांची तुलना करून (१९६८) असेच दाखवले : घरे मोजली तर केंद्र कुटुंबे अधिक, माणसे मोजली तर एकत्र अथवा एखाददुसऱ्या नातलगासह असलेल्या कुटुंबांत राहणारे अधिक. उत्तरेतील गंगेच्या खोऱ्यात एकत्र कुटुंबे जास्त आणि दक्षिणेत कमी आहेत, हेही त्यांच्या निदर्शनास आले. ज्या समाजांत पत्नीला माहेरचा आधार मिळतो आणि तिच्या म्हणण्याला वजन असते, तेथे भाऊ लवकर वेगळे निघतात, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे.

लोकसंख्येची बाजू याहून कठोर आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतातील सरासरी आयुर्मान ३५ वर्षांहूनही कमी होते. नातवंडांच्या लग्नापर्यंत आजोबा जगणेच दुर्मिळ असताना तीन-चार पिढ्यांची घरे सर्रास असणे शक्य नव्हते. शाह यांनी पुढे असेही दाखवले, की १९५१ नंतरच्या काही दशकांत घराचा सरासरी आकार घटण्याऐवजी वाढला, कारण माणसे अधिक जगू लागली. पुढे तो घटला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) तो ४.४ भरला. पण याच काळात मुलांची संख्याही घटली आहे. त्या फेरीत देशाचा एकूण जननदर २.० आणि महाराष्ट्राचा १.७ होता. आकार घटला म्हणून एकत्र कुटुंब मोडले असे म्हणणे म्हणूनच घाईचे ठरते. सासू-सासरे, मुलगा, सून आणि एकच नातवंड असे पाच जणांचे घर लहान असले तरी एकत्रच आहे.

‘पूर्वी सारे एकत्र राहत आणि आता मोडले’ ही सुशिक्षितांची ठाम समजूत मात्र या संशोधनाने फारशी हललेली नाही.

गोरे, सिंगर आणि शहरी कुटुंब

टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक राहिलेले माधव सदाशिव गोरे यांनी दिल्ली व परिसरातील अगरवाल कुटुंबांचा अभ्यास केला (‘अर्बनायझेशन अँड फॅमिली चेंज’, १९६८). शहरात येऊनही या कुटुंबांची मते व वागणूक बव्हंशी एकत्र कुटुंबाला धरून होती. त्यांचे महत्त्वाचे निरीक्षण नवरा-बायकोच्या नात्याविषयी आहे. एकत्र कुटुंब मुलगा-आई आणि भाऊ-भाऊ या नात्यांवर उभे असते. पती-पत्नींची जवळीक वाढली तर ते नाते प्रबळ होऊन घर फुटेल, ही भीती असते. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोने बोलू नये, आपल्याच मुलाला कडेवर घेऊ नये, या जुन्या मर्यादांचा अर्थ या संदर्भात लागतो.

मिल्टन सिंगर यांनी मद्रासमधील उद्योगपतींच्या कुटुंबांचा अभ्यास केला. कारखानदारी आणि एकत्र कुटुंब यांचे वैर असते, या गृहीतकाला त्यांनी छेद दिला. भांडवल, विश्वासू माणसे आणि व्यवस्थापन या सर्वांचा पुरवठा एकत्र कुटुंबच करत होते.

स्थलांतर आणि दोन ठिकाणची घरे

महाराष्ट्रात चूल आणि कुटुंब यांची फारकत सर्वांत स्पष्ट दिसते ती स्थलांतरात. मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणारे पुरुष खोलीत भागीने राहत आणि खानावळीत जेवत. पत्नी, मुले आणि म्हातारे आईवडील कोकणात किंवा घाटावर असत. मनीऑर्डर हा त्या कुटुंबाचा मुख्य दुवा होता. चुलीच्या व्याख्येनुसार हे पुरुष कुटुंबाबाहेर पडतात. प्रत्यक्षात ते कुटुंबाचे पोशिंदे होते. सातारा जिल्ह्यातील सुगाव या गावाचा १९४२ ते १९८२ या काळातील आढावा घेणाऱ्या हेमलता दांडेकर यांच्या ‘मेन टू बॉम्बे, विमेन ॲट होम’ (१९८६) या ग्रंथाच्या नावातच ही विभागणी आली आहे. पुरुष शहरात आणि शेती बायकांच्या अंगावर, अशी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालली.

बीड जिल्हा व परिसरातून साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जाणाऱ्या ऊसतोड कामगारांची स्थिती निराळी आहे. तेथे मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला मिळून उचल देतो आणि त्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. लग्न झाले की एक कोयता तयार होतो. हंगामाचे पाच-सहा महिने काही मुले आजी-आजोबांपाशी गावी राहतात, काही आईवडिलांबरोबर फडावर जातात आणि त्यांची शाळा बुडते. म्हणजे एकच घर वर्षाचा अर्धा काळ तीन पिढ्यांचे असते आणि उरलेला अर्धा काळ मधली पिढी नसलेले. या घराला एकत्र म्हणावे की केंद्र, याचे उत्तर प्रचलित वर्गीकरणात सापडत नाही.

स्त्रियांच्या दृष्टीतून

१९७० नंतर स्त्री-अभ्यासाच्या प्रभावाखाली प्रश्नच बदलला. घर एक आहे की अनेक, यापेक्षा घरात कोणाला काय मिळते, हे विचारले जाऊ लागले. घराला एकच हित असते हे अर्थशास्त्रातील गृहीतक अमर्त्य सेन यांनी तपासले. कुटुंबात सहकार्य आणि संघर्ष एकाच वेळी चालू असतात आणि ज्याला बाहेर पडण्याचा मार्ग कमी, त्याचा वाटा कमी, अशी त्यांची मांडणी आहे. लीला दुबे (१९२३–२०१२) यांनी मुलगी ‘परक्याचे धन’ कशी घडवली जाते, हे भाषा, सणवार, खेळ आणि खाण्यापिण्याच्या नियमांतून दाखवले. लक्षद्वीपमधील मातृवंशीय मुस्लिम समाजाचा त्यांचा अभ्यास (१९६९) पितृवंश हा निसर्गनियम नव्हे, हे लक्षात आणून देतो.

सासर-माहेराचा हा ताण मराठी स्त्रियांनी भोंडल्याच्या गाण्यांत आणि जात्यावरच्या ओव्यांत शतकानुशतके मांडलेला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी पुणे परिसरातून सुरुवात करून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. प्रश्नावलीत जे कोणी सांगत नाही, ते त्यांत आढळते : भावाची ओढ, सासूचा धाक, लेकीला वाटे लावतानाची घालमेल. आत्मचरित्रांचाही असाच उपयोग झाला. रमाबाई रानडे व लक्ष्मीबाई टिळक यांच्या आठवणी पूर्वीपासून वाचल्या जात. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’सारख्या दलित स्त्रियांच्या आत्मकथनांनी मात्र चित्रच पालटले. शर्मिला रेगे (१९६४–२०१३) यांनी ‘रायटिंग कास्ट/रायटिंग जेंडर’ (२००६) मध्ये या कथनांना समाजशास्त्रीय पुरावा म्हणून स्थान दिले. ‘भारतीय कुटुंब’ या नावाने आजवर जे लिहिले गेले, ते बरेचसे उच्चवर्णीय घरांचे होते, ही त्यांची तक्रार रास्त आहे.

कायद्याची वाटचालही याच काळातील. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला. २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. व्यवहारात मात्र वडिलांच्या पश्चात बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेण्याची पद्धत सुरूच आहे. बहीण सही देते, त्यामागे केवळ अज्ञान किंवा दडपण असते असे नाही. जमिनीचा तुकडा घेतला तर माहेर तुटते आणि संकटकाळी भावाचे दार बंद होते, हा तिचा हिशेब असतो. बीना अगरवाल यांनी ‘अ फील्ड ऑफ वन्स ओन’ (१९९४) मध्ये या देवघेवीचे दक्षिण आशियाभरातील दाखले दिले आहेत. २००५ च्याच कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने विवाहसदृश संबंधात राहणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण दिले. कुटुंबाची ही आजवरची सर्वांत रुंद कायदेशीर व्याख्या म्हणता येईल.

जोडीदाराची निवड

भारतीय मानव विकास सर्वेक्षण २००४–०५ मध्ये ४१ हजारांहून अधिक घरांत झाले आणि २०११–१२ मध्ये त्यांतील बहुतेक घरांना पुन्हा भेट देण्यात आली. दुसऱ्या फेरीत पतीची निवड सर्वस्वी आपण केली असे सांगणाऱ्या विवाहित स्त्रिया सुमारे ५ टक्के होत्या. पालकांनी ठरवले आणि मुलीला विचारले, अशी मधली पायरी मात्र रुंदावत आहे. ‘ठरवून’ आणि ‘प्रेम करून’ अशी दोनच खणांची मांडणी त्यामुळे अपुरी पडते. विशेष विवाह अधिनियमाखाली (१९५४) विवाहाची नोटीस ३० दिवस जाहीर लावावी लागते, आणि आंतरजातीय वा आंतरधर्मीय जोडप्यांच्या दृष्टीने हीच तरतूद धोक्याची ठरते. दिल्लीतील न्यायालयात असे विवाह पाहून पर्वीझ मोदी यांनी लिहिलेला ‘द इंटिमेट स्टेट’ (२००८) हा ग्रंथ या विषयावर वाचनीय आहे.

मुलांची वाढ

कुटुंब आणि व्यक्तीचा विकास यांचा संबंध पाश्चात्त्य मानसशास्त्राने प्रामुख्याने आई आणि मूल या जोडीच्या रूपात मांडला. भारतीय घरांत ही जोडी क्वचितच एकटी असते. अनेक संस्कृतींतील बालसंगोपनाच्या तुलनेसाठी १९५० च्या दशकात निवडलेल्या सहा समाजांत उत्तर प्रदेशातील खालापूर येथील राजपूतही होते. तेथे स्त्रिया एका अंगणात कोंडलेल्या असत, आणि सासूदेखत आई आपल्या मुलाचे उघड लाड करत नसे.

सुधीर कक्कर यांनी ‘द इनर वर्ल्ड’ (१९७८) मध्ये मनोविश्लेषणाच्या अंगाने हिंदू मुलाचे बालपण रेखाटले. आईचा दीर्घ, निर्विघ्न सहवास आणि मग चार-पाच वर्षांच्या सुमारास पुरुषांच्या शिस्तीच्या जगात अचानक प्रवेश, असा त्याचा गाभा आहे. स्टॅन्ली कर्ट्झ यांनी (१९९२) त्याला हरकत घेतली : घरात अनेक ‘आया’ असतात, आणि मुलाला एकट्या आईपासून हळूहळू समूहाकडे वळवण्याचे काम त्या सर्व जणी करतात. दोन्ही विवेचने मुख्यतः मुलग्यांविषयी आहेत, हे त्यांचे समान न्यून होय.

ते न्यून सुझन सेमूर यांच्या ‘विमेन, फॅमिली अँड चाइल्ड केअर इन इंडिया’ (१९९९) ने बरेच भरून काढले. १९६० च्या दशकात त्यांनी भुवनेश्वरच्या जुन्या वस्तीतील आणि नव्या राजधानीतील घरांत लहान मुलांचा दिवस कसा जातो हे टिपले आणि पुढे सुमारे तीस वर्षे त्याच घरांकडे त्या परत जात राहिल्या. आजी, काकू, मोठी बहीण अशा अनेक हातांत वाढलेली मुले असुरक्षित निपजत नाहीत, तर परस्परावलंबन शिकतात, असे त्यांना आढळले. सर्वांत मोठा बदल मुलींच्या शिक्षणाने झाला. लग्नाचे वय पुढे गेले आणि सून म्हणून येणारी मुलगी आता जाणत्या वयाची होती. एकाच पिढीचा दीर्घकाळ मागोवा घेण्याची ही पद्धत अमेरिकेत ग्लेन एल्डर यांनी महामंदीत वाढलेल्या मुलांच्या अभ्यासात (१९७४) रुळवली होती. भारतात असे अभ्यास अजून थोडेच आहेत. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील मानव विकास व कुटुंब अभ्यास विभागाने या क्षेत्रात अध्यापन व संशोधनाची परंपरा निर्माण केली आहे.

वार्धक्य

आयुर्मान वाढल्यामुळे अभ्यासाचा भर आता म्हाताऱ्या माणसांकडे वळला आहे. आईवडिलांच्या पोषणाची जबाबदारी मुलांवर टाकणारा कायदा २००७ मध्ये झाला. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या वार्धक्यविषयक दीर्घकालीन सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत (२०१७–१८) ४५ वर्षांवरील सुमारे ७२ हजार व्यक्तींची माहिती घेण्यात आली. पुण्या-मुंबईत मुले परदेशी आणि आईवडील एकटे, अशी घरे पुष्कळ आहेत. रोजचा व्हिडिओ कॉल, परदेशातून दिला जाणारा मदतनिसाचा पगार, आजारपणात धावून येणारा शेजारी किंवा भाचा, हा त्यांचा आधार असतो. देसाई यांनी महुव्यात मांडलेला प्रश्न येथे नव्या रूपात उभा राहतो : दोन म्हातारी माणसे राहतात त्या घराला केंद्र कुटुंब म्हणायचे की दोन देशांत पसरलेले एकत्र कुटुंब?